रोजी संध्याकाळी, पगार सात तारखेला

पुण्यात वारजे, कात्रज, डांगे चौक अशा ठिकाणच्या मजूर अड्ड्यांवर सकाळी सातपासून माणसं येऊन उभी राहतात. थापी-ओळंबा घेतलेले गवंडी, ब्रशचा डबा घेतलेले रंगारी, डबा-पिशवी घेतलेल्या बिगारी बाया. नऊपर्यंत गर्दी भरते आणि दहाला ओसरते. साडेदहानंतर जो उभा दिसतो तो बहुतेक रिकाम्या हाताने परत जातो. मुंबई-ठाण्याकडे यालाच नाका म्हणतात. या माणसांचे नोंदणीचे, बँकेचे आणि पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) कागद भरायचे आणि गरज पडली तर त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊन बसायचं, असं आमचं काम. ते करताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : कंत्राटदाराकडे बारा-तेरा हजारांची बांधलेली नोकरी मिळत असताना ही माणसं रोखीच्या रोजावर का राहतात?

विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं : अडाणीपणा, दारू, नाहीतर कामचुकारपणा. आम्हाला हे पटत नाही. अड्ड्यावरच्या माणसाला पगारपत्रकावर चढवण्याची वाट आम्ही बऱ्याच जणांबरोबर चाललो आहोत. ती कुठे अडते, हे खाली तपशिलाने लिहितो.

आधी रोखीचा व्यवहार. गिऱ्हाईक म्हणजे कोणी घरमालक, छोटा ठेकेदार किंवा मुकादम. तो येतो आणि काम सांगतो. भाव ठरतो. वेळ साधारण नऊ ते सहा, मध्ये एक तास जेवण. नेण्या-आणण्याचं भाडं कोणाचं हे तिथेच ठरतं, किंवा ठरवायचं राहतं आणि संध्याकाळी त्यावरून वाद होतो. सहाला हात धुतले की पैसे. त्याच पैशातून येताना तेल, डाळ, पोराची वही. कोणी ओळखपत्र मागत नाही. उद्या खाडा झाला तर कोणी काढून टाकत नाही, कारण ठेवलेलंच नसतं. गावाकडे पेरणी असो, मयत असो की जत्रा असो, माणूस आठ-पंधरा दिवस जाऊन येतो आणि पुन्हा त्याच कठड्यापाशी उभा राहतो.

आता पगाराची बाजू. उदाहरणासाठी बिगाऱ्याची रोजी ७०० रुपये धरू. एमआयडीसीतल्या हेल्परच्या किंवा सोसायटीतल्या साफसफाईच्या नोकरीत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरू. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के म्हणजे ११३. पुरुष असेल तर व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात पडतात १२,८८७. अड्ड्यावर १९ हजेऱ्या भरल्या की १३,३०० रुपये होतात, म्हणजे पगाराच्या पुढे. दिवाळीनंतर ते जूनपर्यंत एकोणीस हजेऱ्या भरणं चांगल्या बिगाऱ्याला अवघड नसतं. पावसाळ्यात दहा-बारावर येतात, तेव्हा सात-आठ हजारांत महिना काढावा लागतो. वर्षाचा हिशेब मांडला तर पगार सरस ठरतो, शिवाय मालकाचा पीएफचा हिस्सा वेगळा : त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात, उरलेले ५५० कामगाराच्या खात्यात. हे आम्ही कागदावर मांडून दाखवतो, आणि माणसं ते नीट समजून घेतात. मग विचारतात, ‘दादा, सात तारखेपर्यंत खायचं काय?’

सगळी गोष्ट या प्रश्नाशी येऊन थांबते. माणूस महिन्याच्या ३ तारखेला कामाला लागला असं समजा. बऱ्याच कंत्राटदारांची हजेरी २५ तारखेला बंद होते आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो. म्हणजे पहिला पैसा हातात पडायला चौतीस ते अडतीस दिवस. तोही पुरा नाही. ३ ते २५ मध्ये रविवार वगळून वीस हजेऱ्या, २६ दिवसांच्या हिशेबाने पगार ११,५३८. त्यातून पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर गेले की दहा हजारांच्या आत. गणवेश आणि बुटांचे पैसेही बहुतेक पहिल्याच पगारातून वळते होतात. खोलीभाडं मात्र पहिल्याच तारखेला लागतं. किराणावाला ओळखीचा असेल तर आठवडाभर थांबतो, महिनाभर नाही. मग दहा हजारांची उचल होते, शेकडा पाचने. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, दहा हजारांवर दर महिन्याला पाचशे व्याज. पहिला पगार येतो तो मुद्दल आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो, आणि दुसरा महिना पुन्हा उधारीवर सुरू होतो. दुसऱ्या पगाराच्या आत नोकरी सोडून अड्ड्यावर परत आलेली माणसं आम्ही सर्वांत जास्त पाहिली आहेत. काम जड होतं म्हणून परत आलेली त्या मानाने फार थोडी.

एक गोष्ट इथे तपासायलाच हवी. ‘पंधरा हजार पगार’ म्हणताना कंत्राटदार स्वतःचा हिस्साही त्यातच धरतो का? मालकाचा पीएफ १२ टक्के, पीएफचा प्रशासन खर्च आणि विमा मिळून आणखी १ टक्का, ईएसआयसी ३.२५ टक्के. हे सगळं पंधरा हजारांतच बसवलं तर खरा पगार १२,९०३ होतो आणि हातात ११,०५८ पडतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या मजुरीतून कापायला कायद्याने मनाई आहे, पण नोकरी देतानाच आकडा असा सांगितला तर ते कापणं दिसतच नाही. म्हणून भाव ठरवताना ‘पगार किती’ असं विचारू नये. ‘सगळं कापून महिन्याच्या सव्वीस हजेऱ्यांचे खात्यात किती पडतील’ असं विचारावं आणि आकडा लिहून घ्यावा.

मग कागद. पगारपत्रकावर चढायला आधार, पॅन, बँक खातं आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर लागतो. अडकतं ते मोबाइलवर. आधार काढताना दिलेलं सिम कधीच हरवलेलं असतं, किंवा नंबर गावातल्या दुकानदाराचा नाहीतर पुतण्याचा असतो. नवा नंबर जोडायला बहुतेकांना आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं. केंद्र उघडायची वेळ आणि अड्ड्यावर काम मिळायची वेळ एकच, त्यामुळे एक रोजी बुडते. टोकन संपलं तर दुसऱ्या दिवशीचीही. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा नंबर, आता उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून निघतो. त्यासाठी बरा कॅमेरा आणि डेटा असलेला फोन हवा. सिमेंटने खराब झालेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ती अडचण मात्र चेहऱ्यामुळे बरीच कमी झाली आहे.

नावांचा घोळ त्याहून चिवट असतो. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, पासबुकावर ‘लक्ष्मी’, पॅनवर नवऱ्याचं नाव मध्ये आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं. जन्मतारीख १ जानेवारी, कारण नोंदणी करणाऱ्याने वर्ष विचारून बाकीचं तसंच टाकलेलं. पीएफमध्ये पैसे भरताना या गोष्टी फारशा कोणी बघत नाही. काढताना अर्ज त्यावरच फेटाळला जातो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे : आधी आधार दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे पॅन, मग बँक, आणि पीएफ सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलं की प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते.

जुन्या कंत्राटदाराने काढलेला एखादा यूएएन आधीच असतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. नवा कंत्राटदार दुसरा काढतो, आणि दोन खात्यांत सेवा तुटते. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. दर पावसाळ्यात गावी जाणाऱ्याची ती जोडून धरायची तर खातं एकच हवं आणि प्रत्येक वेळी जुनी शिल्लक नव्यात वर्ग व्हायला हवी. दुसरं विघ्न म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख. कंत्राटदार ती भरत नाही आणि दावा अडतो. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतःच्या लॉगिनमधून भरता येते. त्यासाठी कंत्राटदाराच्या दारात बसायची गरज नाही. पैसे खरोखर भरले जातात का हे बघायला नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायचा. शिल्लक आणि शेवटचा भरणा संदेशाने येतो. पगारचिठ्ठीवर कपात दिसते आणि खात्यात भरणा नाही, असं दोन महिने लागोपाठ दिसलं तर तिसऱ्याची वाट बघू नये. चिठ्ठी घेऊन पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करावी.

बँकेचा एक खड्डा फार कमी जणांना ठाऊक असतो. पुरेसे कागद न देता उघडलेलं जनधन खातं ‘छोटं खातं’ असतं. त्यात वर्षाला एक लाखाहून जास्त जमा होऊ शकत नाही, महिन्याला दहा हजारांहून जास्त काढता येत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ शकत नाही. महिना १२,८८७ प्रमाणे आठव्या महिन्यात एक लाखाची मर्यादा ओलांडली जाते. खातं अडतं, पगार परत जातो आणि कंत्राटदाराकडून उत्तर येतं, ‘आम्ही तर टाकला.’ दोन वर्षं व्यवहार नसलेलं गावचं खातं तर निष्क्रिय झालेलंच असतं. कामाला लागायच्या आधी पासबुक घेऊन शाखेत जावं, पूर्ण केवायसी करून घ्यावी आणि खातं साधं बचत खातं झाल्याची खात्री करावी. बचत गटाच्या किंवा लघुकर्जाच्या हप्त्याला तेच खातं जोडलेलं असेल तर पगार पडल्या पडल्या थकलेला हप्ता वळता होतो. कर्ज तर फेडायलाच हवं, पण पगाराच्या दिवशी शिल्लक शून्य बघितलेला माणूस पुन्हा खात्यात पगार घ्यायला तयार होत नाही. हातात आलेल्या रोखीतून आधी कोणाचं भागवायचं हे तो स्वतः ठरवतो, आणि गरिबाच्या घरात हे ठरवणं फार मोलाचं असतं.

रेशनची भीतीही पोकळ नाही. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये धरली. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळतं. पंधरा हजारांची पगारचिठ्ठी म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, आणि ते कागदावर. खरं तर अड्ड्यावरची कमाईही या मर्यादेत बसत नाही. अठरा हजेऱ्यांनी वर्ष भरलं तरी दीड लाख होतात. फक्त ती कोणत्या कागदावर येत नाही. ‘चिठ्ठी आली की कार्ड जाईल’ असं बाया म्हणतात तेव्हा आम्ही त्यांना खोटा दिलासा देत नाही. चिठ्ठीमुळे कार्ड आपोआप बंद होत नाही, पण तपासणीत उत्पन्न विचारलं तर लपवायला जागा उरत नाही. शहरातल्या कुटुंबाचं वर्ष ५९ हजारांत निघतं असं मानणारी मर्यादा मजुराला खोटं बोलायला भाग पाडते, आणि ती बदलायला हवी असं आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. ई-श्रमचंही तसंच : असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेली ही नोंदणी पीएफ किंवा ईएसआयसी असलेल्याला मिळत नाही. आज नोकरीत, चार महिन्यांनी अड्ड्यावर, असा माणूस दोन्हीकडच्या चौकटीत अर्धवटच बसतो.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी रोखीवर राहूनही करता येते, आणि ती जरूर करावी. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम. कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यूला दोन लाख, मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये. अडतो तो ९० दिवसांचा दाखला. मोठ्या साइटवरचा माणूस एका ठेकेदाराची सही आणतो. अड्ड्यावरच्या माणसाने ते ९० दिवस तीस-चाळीस जणांकडे भरलेले असतात. कोणाची सही आणायची? ठेकेदार सही करत नाही, कारण सही केली की हा माणूस आपल्याकडे होता हे त्याने लिहून दिलं असं होतं, आणि मग इतर देणीही मागे लागतात. ग्रामसेवक म्हणतो, तू तर पुण्यात असतोस. महापालिकेचा अधिकारी म्हणतो, तुझं काम मी पाहिलेलं नाही. या फटीत दलाल शिरतात आणि नोंदणीचे हजारो घेतात. असा विकतचा दाखला तपासणीत सापडला की नोंदणी रद्द होते, आणि खऱ्या कामगाराची पुढची वाटही बंद होते.

आमच्याकडे यावर कामी आलेली गोष्ट साधी आहे : खिशातली वही. तारीख, जागेचा पत्ता, काम, मालकाचं किंवा मुकादमाचं नाव, मिळालेले पैसे, आणि शक्य तिथे त्याची आद्याक्षरी. दोन-तीन ठेकेदारांकडे पुन्हा पुन्हा जाणारा माणूस ही वही दाखवून त्यातल्या एकाकडून सही मिळवू शकतो, कारण त्याच्याकडचे दिवस त्यात तारखेनिशी दिसतात. नोंदणी झाली तरी दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तरी दावा अडतो. म्हणून नूतनीकरणाची तारीख आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावतो.

रोखीच्या कामाचे धोके आम्ही झाकत नाही. स्लॅबवरून पडलेल्या माणसाला ‘तू कोणाकडे होतास’ विचारलं तर तो म्हणतो, ‘शेठकडे.’ शेठचं आडनाव माहीत नसतं. ईएसआयसीत कामावरच्या दुखापतीचं संरक्षण आणि औषधोपचार पहिल्या दिवसापासून असतात. आजारपणाचा भत्ता, म्हणजे रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मात्र नव्या माणसाला सुमारे नऊ महिन्यांनी लागू होतो. हा फरक सांगितला नाही तर तापाने पडलेला माणूस तिसऱ्याच महिन्यात ‘कापतात, देत काही नाहीत’ म्हणून निघून जातो. बायका-पोरं गावी असतील तर कुटुंबासाठी गावाजवळचा वेगळा दवाखाना निवडता येतो. अर्ज भरतानाच तो निवडावा.

अड्ड्यावरून निघताना चार गोष्टी करायच्या. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो. साइटवर पोचल्यावर पाटीचा किंवा गेटचा फोटो, आणि तो घरच्या नंबरवर पाठवून ठेवायचा. भाव, वेळ आणि परतीचं भाडं सोबतच्या दोघांसमोर बोलून घ्यायचं. नव्या गिऱ्हाइकाकडे एका दिवसाच्या वर पैसे तुंबू द्यायचे नाहीत; ‘उद्या एकदम घे’ म्हणणाऱ्याकडून निदान निम्मे त्याच संध्याकाळी. शक्य असेल तर एखाद्या दिवसाचे पैसे यूपीआयवर मागायचे. रक्कम लहान असली तरी चालेल, त्याने देणाऱ्याचं नाव कायमचं नोंदलं जातं. बायांच्या बाबतीत आणखी एक : त्याच कामाची बाईची रोजी पुरुषापेक्षा कमी सांगितली जाते, आणि नवरा-बायको जोडीने गेले की पैसे नवऱ्याच्या हातात दिले जातात. दोघांची रोजी वेगळी ठरवून वेगळी घ्यायची, हे निघतानाच सांगायला हवं.

जी माणसं पगारपत्रकावर टिकली, ती बहुतेक खर्ची देणाऱ्या कंत्राटदाराकडे टिकली. बांधकामाच्या साइटवर खर्चीची पद्धत जुनीच आहे : दर शनिवारी खर्चापुरते पैसे, उरलेला हिशेब नंतर. तीच महिन्याच्या पगाराला जोडता येते. आठवड्याला २,००० प्रमाणे चार खर्च्या म्हणजे ८,०००. ७ तारखेला उरलेले ४,८८७ खात्यात. कंत्राटदाराचं यात काही जात नाही, कारण दिलेली खर्ची ही केलेल्या कामाचीच असते. मात्र ती कच्च्या वहीत राहू द्यायची नाही. प्रत्येक खर्चीवर दोघांच्या सह्या, पगारचिठ्ठीवर ती उचल म्हणून वेगळ्या ओळीत, आणि पीएफची कपात पूर्ण पगारावर, उरलेल्या ४,८८७ वर नाही. पहिली खर्ची पहिल्याच शनिवारी मिळणार का, हे कामाला लागायच्या आधी विचारून घ्यायचं. ‘पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्यापासून देऊ’ असं उत्तर आलं, तर त्या अडतीस दिवसांची सोय होईपर्यंत अड्डा सोडू नका, असंच आम्ही सांगतो.